कवटी न उघडता मेंदूपर्यंत: अल्ट्रासाउंड तिथे नेमकं काय करतं?

तान्ह्या बाळाच्या मेंदूची सोनोग्राफी सहज होते, मोठ्या माणसाच्या मेंदूची होत नाही. याचं कारण टाळू. जन्माच्या वेळी कवटीची हाडं पूर्ण जुळलेली नसतात. डोक्यावर पुढच्या बाजूला जी मऊ जागा आजी तेल घालून भरते, तिथून अल्ट्रासाउंडच्या लहरी विनासायास आत जातात. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर डॉक्टर त्याच टाळूवर प्रोब टेकवून मेंदूत रक्तस्राव झाला आहे का ते पाहतात. साधारण दीड वर्षापर्यंत टाळू भरते आणि ही वाट बंद होते.

त्यानंतर लहरींना गाठ पडते ती पक्क्या कवटीशी. बाहेर कठीण हाडाचा थर, आत तसाच दुसरा, आणि दोन्हींच्या मध्ये सच्छिद्र हाड. लहर त्यावर आदळली की तिचा काही भाग मागे फिरतो, काही हाडातच जिरून त्याची उष्णता होते, आणि उरलेला विस्कटून आत शिरतो. कानशिलाजवळ हाड पातळ असतं. तिथून मेंदूतल्या रक्तवाहिन्यांमधला प्रवाह मोजण्याची तपासणी १९८२ पासून होते आहे. पण काही लोकांत, विशेषतः वयस्कर स्त्रियांमध्ये, तिथूनही पुरेशा लहरी आत जात नाहीत.

मग ‘ऑपरेशनशिवाय कंपवात बरा’, ‘आवाजाच्या लहरींनी अल्झायमरवर मात’ असे जे मेसेज आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतात, ते कशाच्या जोरावर? त्यांत तथ्याचा अंश आहे, म्हणूनच ते नीट समजून घ्यायला हवेत. ‘मेंदूवर अल्ट्रासाउंड’ या एका नावाखाली तीन निरनिराळी कामं चालतात. एकात लहरींनी तापवून मेंदूचा इवलासा भाग कायमचा मारून टाकतात. दुसऱ्यात काही मारायचं नसतं. औषध आत शिरावं म्हणून रक्तवाहिन्यांच्या भिंती थोडा वेळ सैल करायच्या असतात. तिसऱ्यात चेतापेशींना फक्त डिवचून त्यांचं काम वाढवता किंवा कमी करता येतं का, ते पाहतात. पहिलं काम आज रुग्णालयात प्रत्यक्ष होतं. दुसरं मोजक्या रुग्णांवरच्या चाचण्यांत आहे. तिसरं मुख्यतः संशोधकांच्या हातात आहे. घरच्या माणसाला उपयोग होईल का, हे हातात आलेली बातमी या तिघांपैकी कशाबद्दल आहे यावर ठरतं. बातमी देणारे नेमकं तेच सांगत नाहीत.

कल्पना जुनी आहे. १९४०च्या दशकात न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राण्यांच्या मेंदूवर लहरी एका बिंदूत गोळा करून पाहिल्या गेल्या. १९५०च्या दशकात अमेरिकेत विल्यम आणि फ्रान्सिस फ्राय या भावांनी हे तंत्र माणसांवरच्या उपचारांपर्यंत नेलं. पण त्यांना आधी कवटीचा तुकडा काढून खिडकी करावी लागायची, आणि डोक्यात भोक पाडायचंच असेल तर या लहरींचा फायदा तो काय राहिला? स्वीडनचे न्यूरोसर्जन लार्स लेक्सेल यांनीही अल्ट्रासाउंड वापरून पाहिलं आणि कवटीपुढे हात टेकून ते किरणांकडे वळले. त्यातून किरणांचे झोत मेंदूतल्या एका बिंदूवर आणून उपचार करणारी ‘गामा नाइफ’ जन्माला आली. कवटीचा प्रश्न सुटायला त्यानंतर अनेक दशकं गेली. तो सुटला तो लहरींची ताकद वाढवून नव्हे, गणित करून. या विषयातला मला सगळ्यात सुंदर वाटणारा भाग हाच, म्हणून इथे थोडं थांबू या.

विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रोडवर ढोल-ताशा पथक येतं तेव्हा मुद्दाम लांब उभं राहून पाहा. सगळ्यात मागच्या रांगेतल्या वादकाची टिपरू ढोलावर पडलेली आधी दिसते, आवाज नंतर येतो. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे ३४ मीटरवरच्या ढोलाचा ठोका एक दशांश सेकंद उशिरा पोचतो. आता समजा, रस्त्यातल्या एकाच माणसाच्या कानावर सगळ्या ढोलांचे ठोके अगदी एका क्षणी आदळायला हवेत. मग लांबच्या वादकाने थोडं आधी वाजवायचं, जवळच्याने थोडं नंतर. त्या माणसाला एकच प्रचंड ठोका ऐकू येईल, पाच पावलांवरच्या शेजाऱ्याला नुसता गलका. प्रत्येक ढोल नेहमीइतकाच वाजला, वेळा जुळवल्या म्हणून एका जागी जोर गोळा झाला.

मेंदूसाठीच्या यंत्रात डोक्याभोवती अर्धगोलाकार टोपण असतं आणि त्यात लहरी सोडणारे १०२४ छोटे घटक बसवलेले असतात. एकेकाची लहर इतकी क्षीण असते की ती ज्या वाटेने जाते तिथल्या पेशींना काही होत नाही. सगळ्या लहरी जिथे एकाच क्षणी पोचतात, त्या काही मिलिमीटरच्या जागेत मात्र तापमान चढतं. अडचण हाडाची. पाण्यात किंवा मेंदूत या लहरी सेकंदाला साधारण १५०० मीटर जातात, कवटीच्या हाडात त्याच्या जवळपास दुप्पट वेगाने. उपचारात वापरतात ती लहर सेकंदाला साडेसहा लाख वेळा कंप पावते, म्हणजे तिच्या एका कंपनाला दीड मायक्रोसेकंद लागतो. हिशेब करून पाहा: दोन ठिकाणी कवटीच्या जाडीत अडीच मिलिमीटरचा फरक असेल तर तेवढ्यानेच एक लहर दुसरीपेक्षा अर्ध्या कंपनाने पुढे निघते. एकीचा चढ आणि दुसरीचा उतार एकाच वेळी पोचला की दोघी मिळून शून्य. कवटीची जाडी तर जागोजागी बदलते, आणि प्रत्येकाची वेगळी असते.

म्हणून आधी रुग्णाच्या डोक्याचा सीटी स्कॅन करतात. त्यावरून प्रत्येक घटकासमोर हाड किती जाड आहे आणि किती घट्ट आहे ते संगणकाला कळतं, आणि १०२४ घटकांपैकी कोणी किती आधी, कोणी किती नंतर सुरू व्हायचं ते ठरतं. सीटीवरून आणखी एक गोष्ट कळते. मधल्या सच्छिद्र थराची घनता बाहेरच्या कठीण थराच्या तुलनेत किती आहे, याचं एक गुणोत्तर काढतात. ते फार कमी, साधारण ०.४ च्या खाली आलं, तर हाड इतकी ऊर्जा गिळतं की आतल्या बिंदूवर पुरेशी उष्णता मिळवणं अवघड होऊन बसतं. आजार योग्य, माणूस धडधाकट, पैशाची सोय झालेली, आणि तरी केवळ कवटीच्या घडणीमुळे नकार, असं होऊ शकतं. ही तपासणी आधी होते हे ठाऊक असलेलं बरं. आशा बांधून बसल्यावर हे ऐकणं फार जड जातं.

आता पहिलं काम, तापवून मारण्याचं. याचा सर्वांत भक्कम पुरावा ‘इसेन्शियल ट्रेमर’ या आजारात आहे. पुष्कळ लोक याला पार्किन्सन्स (कंपवात) समजतात, पण दोन्ही वेगळे. पार्किन्सन्सचा कंप बहुधा हात स्वस्थ असताना दिसतो: पेपर वाचताना मांडीवर ठेवलेला हात हलत राहतो. इसेन्शियल ट्रेमरमध्ये हात कामाला लागला की कंप सुरू होतो. चहाचा कप ओठांपर्यंत नेताना बशीत सांडतो, सुईत दोरा जात नाही, गुंडी लागत नाही. सही जुळली नाही म्हणून बँकेने चेक परत केल्याचं पेन्शनर मंडळींकडून ऐकलं की मला या आजाराची आठवण होते. तो जीव घेत नाही, म्हणून घरात ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. पण चारचौघांत जेवायची लाज वाटून लग्नकार्याला जाणं बंद केलेली माणसं आपल्या आसपास असतात. त्यांचं जग आकसत जातं आणि कोणाच्या ते लक्षातही येत नाही.

या आजारात लहान मेंदू, थॅलॅमस हा मेंदूच्या आत खोलवर असलेला भाग आणि हालचालींचा ताबा असलेला मेंदूचा पृष्ठभाग यांना जोडणाऱ्या मंडलात चुकीची लय फिरत राहते. थॅलॅमसमधल्या एका ठरावीक केंद्रात हे मंडल तोडलं तर कंप थांबतो, हे सर्जनना अल्ट्रासाउंडच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. तेच काम सुई घालून, उष्णता देऊन केलं जायचं. अल्ट्रासाउंडने जागा बदललेली नाही, तिथे पोचण्याची वाट बदलली आहे.

उपचाराच्या दिवशी डोकं पूर्ण भादरतात, कारण केसांत अडकलेली हवा लहरी अडवते. जागा बधिर करून चार पिनांनी डोक्यावर चौकट बसवतात. ‘कुठेही टोचणार नाही’ असं ऐकून गेलेल्यांना याचा धक्का बसतो, म्हणून सांगतो. टोपण आणि डोकं यांच्या मधल्या जागेत थंड पाणी फिरत असतं. लहरी नेण्यासाठी पाणी लागतंच, आणि तापणारं हाड व कातडी त्यानेच थंड राहते. हे सगळं एमआरआयच्या आत चालतं. पाण्यातल्या हायड्रोजनच्या अणूंकडून एमआरआयला जो संकेत मिळतो, त्याची वारंवारता तापमानाबरोबर किंचित बदलते. त्यामुळे मेंदूत नेमकं कुठे, किती अंश चढले हे डॉक्टरांना पडद्यावर त्याच वेळी दिसतं.

रुग्ण जागा असतो, आणि ती गरजच असते. आधी थोडंच तापवतात, पंचेचाळीस अंशांच्या आसपास, आणि उष्णता ठरवलेल्या बिंदूवरच पडते आहे ना ते तपासतात. मग पन्नासच्या जवळ. एवढ्याने पेशी तात्पुरत्या गप्प होतात. आता रुग्णाला कागदावर चकलीसारखी गोल गोल रेघ काढायला सांगतात. कंप कमी झाला का? बोलणं जड झालं का? ओठ, बोटं बधिर वाटतात का? काही बिघडलं तर इथे थांबता येतं, बिंदू थोडा सरकवता येतो. सगळं ठीक असेल तरच पंचावन्न ते साठ अंशांपर्यंत नेतात आणि तिथल्या पेशी कायमच्या मरतात. एकेका वेळी लहरी काही सेकंदच सोडतात. रुग्णाच्या हातात थांबवण्याचं बटण दिलेलं असतं. डोकं तापल्यासारखं वाटणं, दुखणं, गरगरणं हे त्या क्षणी होतं आणि बहुतेकदा ओसरतं. सुरुवातीची आणि शेवटची चकली शेजारी शेजारी ठेवली की फरक साध्या डोळ्यांना दिसतो.

२०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ७६ रुग्णांची चाचणी छापून आली. काहींना खरा उपचार दिला, काहींना त्याचं फक्त नाटक. तीन महिन्यांनी खऱ्या उपचाराच्या गटात हाताच्या कंपाचा गुणांक सरासरी ४७ टक्क्यांनी उतरला होता. दुसऱ्या गटात जवळजवळ काहीच बदल नव्हता. त्याच वर्षी औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने मान्यता दिली. २०१८ मध्ये कंप हेच मुख्य लक्षण असलेल्या पार्किन्सन्ससाठी आणि २०२१ मध्ये पार्किन्सन्सच्या काही इतर हालचालींच्या त्रासांसाठीही ती मिळाली.

त्याच चाचणीतला दुसरा आकडा बातम्यांत क्वचित येतो. उपचारानंतर तिघांतल्या एकाहून जास्त जणांना चालताना तोल जाण्याचा त्रास झाला, आणि साधारण तितक्याच जणांना बधिरपणा किंवा मुंग्या आल्या. बहुतेकांचं हे कमी झालं, पण वर्षानंतरही ९ टक्के लोकांना चालण्याचा आणि १४ टक्के लोकांना बधिरपणाचा त्रास उरला होता. आधीच काठी घेऊन चालणाऱ्या आजोबांसाठी हा आकडा कंपाच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे. कातडीवर चिरा नाही म्हणजे आत इजा नाही, असं समजू नका. मेंदूचा एक तुकडा जाळलेला असतो आणि तो परत येत नाही. काहींमध्ये कंप काही महिन्यांनी किंवा वर्षांनी थोडाफार परततोही.

इथे डीबीएसशी (डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजे मेंदूत खोलवर विजेने उत्तेजन देणं) तुलना येतेच. १९८७ मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोब्ल इथे सुरू झालेल्या त्या पद्धतीत कवटीला भोक पाडून मेंदूत तार ठेवतात आणि छातीच्या कातडीखाली बॅटरी. ती मोठी शस्त्रक्रिया आहे, जंतुसंसर्गाची भीती असते, बॅटरीकडे लक्ष ठेवावं लागतं. पण विजेचा जोर नंतर कमी-जास्त करता येतो, नको झाली तर बंद करता येते, आणि दोन्ही बाजूंना बसवता येते. अल्ट्रासाउंडमध्ये सहसा आधी एकच बाजू करतात. दोन्ही बाजू एकदम केल्या तर बोलणं आणि गिळणं बिघडण्याचा धोका वाढतो. इसेन्शियल ट्रेमरमध्ये दुसरी बाजू काही महिन्यांनी वेगळी करायला एफडीएने २०२२ मध्ये परवानगी दिली. माझं मत विचाराल तर वय जास्त, भूल किंवा मोठं ऑपरेशन झेपणार नाही, एका हाताचा कंपच मुख्य अडचण आणि गोळ्यांनी गुण नाही, अशांसाठी अल्ट्रासाउंड ही खरोखर मोठी सोय आहे. पन्नाशीतल्या, दोन्ही बाजूंना त्रास असलेल्या आणि पुढे आजार वाढत जाणार असलेल्या पार्किन्सन्सच्या रुग्णाने मात्र डीबीएसचं मतही ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आणि पार्किन्सन्स याने ‘बरा’ होत नाही. हालचालींसाठी लागणारं डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या पेशींची झीज चालूच राहते. चाल मंदावणं, आवाज बारीक होणं, बद्धकोष्ठता, झोप मोडणं यांतलं बरंचसं थॅलॅमसच्या त्या बिंदूशी संबंधितच नाही. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ हा स्वमदत गट आहे. तिथे रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. नव्या उपचाराचा निर्णय घेण्याआधी अशा गटात जाऊन बसा. गोळ्यांच्या वेळा, व्यायाम, पडण्यापासून जपणं या रोजच्या गोष्टींवर तिथे जे कळतं ते कुठल्याही यंत्राच्या जाहिरातीत नसतं. भारतात हे यंत्र अजून मोजक्याच रुग्णालयांत आहे, त्यामुळे सल्ला पुण्यातल्या न्यूरॉलॉजिस्टचा आणि उपचार दुसऱ्या शहरात, असंही होऊ शकतं. नंतरच्या तपासण्या कोण करणार हे आधीच विचारून ठेवा.

दुसऱ्या कामाची गोष्ट १८८५ पासून सुरू होते. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिश यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला तेव्हा सगळे अवयव रंगले, मेंदू तेवढा कोरा राहिला. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की रक्तातलं फार थोडं पलीकडे जातं. हाच रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर. विषारी गोष्टींपासून त्याने आपलं रक्षण होतं, पण औषधंही अडतात. कर्करोगाची कितीतरी औषधं मेंदूच्या गाठीपर्यंत पुरेशी पोचत नाहीत ती याच कारणाने.

२००१ मध्ये कुलेर्वो ह्युनिनेन आणि सहकाऱ्यांनी सशांवर एक युक्ती दाखवली. शिरेतून अतिसूक्ष्म बुडबुडे सोडायचे, लाल रक्तपेशीपेक्षाही लहान. हृदयाच्या सोनोग्राफीत चित्र स्पष्ट यावं म्हणून असे बुडबुडे वापरतात, तेच. मग मेंदूच्या हव्या त्या भागावर सौम्य लहरी सोडायच्या. तिथले बुडबुडे लहरींच्या तालावर फुगतात, आकसतात आणि वाहिनीच्या भिंतीला आतून हलकेच ताणतात. पेशींमधले सांधे काही तास सैल होतात आणि मग आपोआप मिटतात. इथे तापवायचं नसतं, त्यामुळे लागणारी ऊर्जाही पहिल्या कामापेक्षा खूप कमी.

टोरांटोच्या सनीब्रुक रुग्णालयात २०१५ मध्ये मेंदूच्या गाठीच्या रुग्णावर, कवटी न उघडता, हे प्रथम करून पाहिलं. २०१८ मध्ये तिथूनच अल्झायमरच्या पाच रुग्णांचा अहवाल आला: अडसर उघडला आणि २४ तासांत मिटला. २०२४ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या डॉक्टरांनी तीन रुग्णांना अल्झायमरवरचं अँटिबॉडीचं औषध दिलं आणि मेंदूच्या एका बाजूच्या काही भागांत अडसर उघडला. तिथे अमायलॉइडचा, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाचा, साठा दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त घटला. तंत्र चालतं याचा हा चांगला पुरावा आहे. पण रुग्ण तीन. साठा घटला म्हणजे आईला नातवाचं नाव आठवू लागलं, असं यातून निघत नाही, आणि त्या डॉक्टरांनीही तसा दावा केलेला नाही. ते औषधही त्याच वर्षी कंपनीने बाजारातून मागे घ्यायचं ठरवलं.

लहरी बेतानेच वापरायला हव्यात हे शिकवणारी एक चाचणी २००५ मध्ये छापून आली. पक्षाघातात मेंदूतली गुठळी विरघळवणाऱ्या औषधाला कमी वारंवारतेच्या, पसरट अल्ट्रासाउंडची जोड देऊन पाहिली होती. मेंदूत रक्तस्रावाचं प्रमाण वाढलं आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. आज लहरी एका बिंदूवर आणायचा, एमआरआयवर नजर ठेवायचा आणि बुडबुड्यांचा आवाज ऐकत जोर कमी-जास्त करायचा एवढा आटापिटा करतात तो उगाच नाही. गरोदरपणातल्या सोनोग्राफीशी मात्र याची सांगड घालू नका. तिथे लहरींचे अतिशय छोटे झटके आणि त्यांच्यामध्ये लांब विश्रांती असते, त्यामुळे सरासरी ऊर्जा फार कमी राहते.

तिसरं काम, डिवचण्याचं, सगळ्यात मोहात पाडणारं आहे. नैराश्य, अपस्मार, कोमानंतरची अर्धवट शुद्ध, व्यसन अशा अनेक गोष्टींवर सौम्य लहरींचे प्रयोग चालू आहेत. चुंबकीय लहरींचा उपचार मुख्यतः मेंदूच्या पृष्ठभागापर्यंत पोचतो. अल्ट्रासाउंड खोलवरच्या छोट्या केंद्रापर्यंत जाऊ शकतं, म्हणून एवढी उत्सुकता. चेतापेशी दाबाला प्रतिसाद देते म्हणजे नेमकं काय होतं, यावर अजून एकमत नाही. पेशीच्या आवरणातल्या, ताण पडला की उघडणाऱ्या सूक्ष्म वाटा त्याला कारण असाव्यात, असं बरेच संशोधक मानतात. २०१८ मध्ये उंदीर आणि गिनिपिग यांच्यावरच्या दोन अभ्यासांनी सगळ्यांनाच जागं केलं. मेंदूचा जो प्रतिसाद लहरींचा थेट परिणाम समजला जात होता, त्यातला बराचसा कानावाटे येत होता. लहरींच्या झटक्यांचा आवाज प्राण्यांना ऐकू येत होता! तेव्हापासून या प्रयोगांत कानाचा परिणाम वेगळा काढण्याची खबरदारी घेतात.

त्यामुळे अल्झायमर, नैराश्य किंवा मुलाच्या स्वमग्नतेसाठी ‘अल्ट्रासाउंड ब्रेन थेरपी’चं पॅकेज कोणी पैसे घेऊन देऊ करत असेल, तर ते यातलं कोणतं काम आहे ते विचारा. दुसरं किंवा तिसरं असेल तर तो प्रयोग आहे. भारतात माणसांवरच्या औषधचाचण्यांची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ या सरकारी संकेतस्थळावर करणं २००९ पासून बंधनकारक झालं आणि ती कोणालाही फुकट पाहता येते. नोंदणी क्रमांक मागा. नैतिकता समितीची परवानगी आणि संमतीपत्राची मराठी प्रत मागा, ती घरी आणा, तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. क्रमांक सांगायला टाळाटाळ झाली, तर पैसे भरू नका.